बाळाच्या खोलीत छुपा कॅमेरा लावताना

हिंगोली, वसमत, कळमनुरीत आई-वडील दोघेही नोकरीला गेले की तान्हं बाळ सांभाळणाऱ्या मावशींच्या हवाली होतं. काळजीपोटी खोलीत छुपा कॅमेरा लावावासा वाटतो. स्वतःच्या घरात कॅमेरा लावायला बंदी नाही. पण तिथं कपडे बदलणाऱ्या स्त्रीचं चोरून चित्रण झालं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्या गुन्ह्यालाही १ ते ३ वर्षं कैद होऊ शकते. म्हणून कॅमेऱ्याचा रोख पाळण्यावरच ठेवा. वायर बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी लांब ठेवा. कंपनीचा मूळ पासवर्ड लगेच बदला. नाहीतर परकाही घरात डोकावू शकतो. वीज गेली की वायफाय बंद पडतं, तेव्हा इन्व्हर्टर हवा. आणि मावशींना कॅमेऱ्याची कल्पना आधीच द्या.