चिगरी, वंदे भारत आणि कित्तूरची वाट

दसऱ्याला पुण्याहून माझा आतेभाऊ आला. वंदे भारतनं. "ताई, साडेआठ तासांत हुबळी! आता बुलेट ट्रेन आली की बघ," असं म्हणतच घरात शिरला. मी चहा टाकला आणि हिशोब मांडला. पुणे ते हुबळी रेल्वेनं साधारण 558 किलोमीटर. साडेआठ तासांनी भागलं तर ताशी पासष्टच्या आसपास. ताशी 160 किलोमीटर पळू शकणारी गाडी आपण पासष्टनं आणतो. रस्त्यानं हेच अंतर साडेचारशेच्याही आत भरतं. त्यामुळे रात्रीची स्लीपर बस जवळजवळ तेवढ्याच वेळात आणून सोडते, आणि प्रवास झोपेत होतो.

"तू फार निराशावादी आहेस," तो म्हणाला.

मी निराशावादी नाही. गाडी छान आहे. सप्टेंबर 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा आमच्या मंडळात सगळ्यांनाच आनंद झाला होता, कारण इथल्या बहुतेक मराठी घरांचं कुणी ना कुणी पुण्या-मुंबईत आहे. पण वेग इंजिनात असतो हा आपला गैरसमज आहे. तो वाटेत असतो.

वाट बघा. बेळगावहून निघालेली गाडी सरळ धारवाडकडे येत नाही. खाली खानापूर, लोंढा करत, घाटाच्या कडेनं फिरून येते. सुमारे 120 किलोमीटर. कित्तूरवरून सरळ रूळ टाकला तर 73. या मार्गाला 2020 मध्ये मंजुरी मिळाली. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते, त्यांनी तो लावून धरला होता. त्याच सप्टेंबरमध्ये ते कोविडनं गेले. अंदाजे खर्च सव्वानऊशे कोटी. पुढे काम अडलं जमिनीवर. गर्लगुंजी, नंदीहळ्ळी भागातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं, आमची पिकाऊ जमीनच का? ही आपलीच माणसं. त्यांना 'विकासाला आडवे येणारे' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पण बसून मार्ग काढला, प्रसंगी आखणी थोडी बदलली, तर पन्नासेक किलोमीटरचा वळसा कायमचा सुटेल, आणि वंदे भारतच नव्हे, त्या मार्गानं जाणारी साधी पॅसेंजरही लवकर पोचेल.

याउलट मोठ्या स्वप्नांचं काय होतं ते आठवा. 2018 च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे हायपरलूपचा गाजावाजा झाला होता. अर्ध्या तासाच्या आत पुणं! त्या कंपनीनं माणसं बसवून एकदा चाचणी घेतली, नोव्हेंबर 2020 मध्ये, नेवाडाच्या वाळवंटात: दोन प्रवासी आणि पाचशे मीटरची नळी. 2023 संपता संपता कंपनीला टाळं लागलं. बुलेट ट्रेनला मी त्या रांगेत बसवणार नाही, तिचं तंत्र जपाननं 1964 पासून चालवून दाखवलंय. पण 508 किलोमीटरसाठी लाखभर कोटींच्या वर खर्च हे गणित सगळ्या गावांना लागू पडत नाही.

आता घरचं उदाहरण. आपली चिगरी. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण, आणि सुरुवातीला ती खरंच तशी धावली. हुबळी-धारवाडमधले 22 किलोमीटर, स्वतंत्र मार्गिका, उंच फलाट, वातानुकूलित बस. जागतिक बँकेची मदत धरून सुमारे 970 कोटींचं काम. ऑक्टोबर 2018 मध्ये बस सुरू झाल्या, औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी 2020 मध्ये. मी विद्यानगरला चढायचे आणि पुस्तकाची काही पानं होईपर्यंत धारवाडच्या जुबिली सर्कलजवळ उतरायचे. उणकलच्या तलावाकडे बघायला उसंत मिळायची.

आज काय ऐकू येतं? बस जुन्या झाल्या, फलाटांची दारं बिघडली, पावसात धारवाडच्या टोलनाक्यावर पाणी तुंबतं. कुणी म्हणतं मार्गिका सगळ्या वाहनांना खुली करा, कुणी म्हणतं चिगरी काढून इलेक्ट्रिक ट्राम आणा. मला ट्रामचं वावडं नाही. पण ज्यांना बसचं दार वेळेवर दुरुस्त करता येत नाही, ते ट्राम कशी सांभाळणार? बांधायला कर्ज मिळतं, फीत कापायला पाहुणे मिळतात, पण दहाव्या वर्षी टायर बदलायला पैसे कुठून येणार हे कुणी लिहून ठेवत नाही. पुण्यानं 2006 मध्ये देशात सगळ्यात आधी बीआरटी केली, आणि पुढे नगर रस्त्यावरची उखडूनही टाकली. त्या चुकीच्या रांगेत आपण उभं राहू नये.

माझं मत विचाराल तर ट्रामचा कागद बाजूला ठेवा. आधी नव्या बस घ्या, मार्गिका राखा, टोलनाक्याचं गटार नीट करा. आणि वरून पैसा आणायचाच असेल तर तो कित्तूरच्या रुळासाठी आणा.

आतेभावाला हे फारसं पटलं नाही. परत जाताना मात्र प्रश्न आला. गाडी पहाटे पाच वाजता सुटणार होती.

"स्टेशनला त्या वेळी चिगरी मिळेल का गं?"

मी शेजारच्या रिक्षावाल्या मामांना साडेचारचं सांगून ठेवलं.