तिच्या दारी कोण जाणार?

नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहिलं की रिक्षावाल्यांची ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ ही हाक थांबत नाही. वरून मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल, खालून पुण्याला निघालेला रस्ता, आणि रिक्षात शेजारच्याची जात न विचारता मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. याच शहरात २८ जून २०१३ रोजी एका बापानं पोटच्या मुलीचा रिक्षातच गळा आवळला. घरातलं माणूस दवाखान्यात आहे, असं सांगून त्यानं तिला सासरहून आणलं होतं. तिला नववा महिना होता. तिचा गुन्हा एवढाच, की तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं.

या घटनेनं जातपंचायतींच्या जाचाला वाचा फुटली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नाशिकचे कार्यकर्ते कृष्णा चांदगुडे यांनी जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान हाती घेतलं आणि त्यासाठी ऑगस्टमध्ये नाशकात परिषद भरली. डॉ. नरेंद्र दाभोलकर तिला हजर होते. त्याच महिन्याच्या २० तारखेला पुण्यात त्यांची हत्या झाली.

पंचांचं राज्य चालतं ते माणसांच्या जिवावर. वाळीत टाकलेल्या घरी पत्रिका येत नाही, सोयरीक जुळत नाही, मयत झालं तर खांदा द्यायला कुणी फिरकत नाही. दंड भरा, माफी मागा, मगच परत घेऊ. आणि या राज्यात बाईचा आवाज सर्वांत क्षीण. अनेक बैठकांत ती स्वतःबद्दलही बोलू शकत नाही. बाप किंवा भाऊ बोलतो आणि निवाडा मात्र तिच्या अंगावर पडतो. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींची सहावीपुढची शाळा बंद केली, ती तालिबानच्या सरकारनं. आपल्याकडच्या पंचांकडे ना सरकार ना बंदूक, तरी मुलीनं कुणाशी लग्न करावं हे ते ठरवतात. त्यांचा हुकूम राबवायला तिचेच काका-मामा उभे असतात.

वाळीत टाकण्याविरुद्ध १९४९ मध्ये मुंबई प्रांतानं कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्यानंतर अर्धशतक गेलं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. वाळीत टाकणं तर गुन्हा आहेच, त्यासाठी बैठक बोलावणं हाही गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा, असं कायदाच सांगतो. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही. माझ्या मते अडचण इथेच आहे: पंच संध्याकाळी घरी परततो, आणि तक्रार करणारी त्याच गल्लीत राहते.

त्या गल्लीत काय होतं, हे पिंपरीत दिसलं. कंजारभाट समाजातल्याच तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्रीची कौमार्य परीक्षा बंद व्हावी म्हणून मोहीम उघडली होती. पांढरी चादर, आणि सकाळी पंचांसमोर नवऱ्याला विचारलं जाणारं, ‘खरी की खोटी?’ ही परीक्षा नाकारून लग्न केलेली एक मुलगी २०१८ च्या नवरात्रात दांडिया खेळायला गेली. ती रिंगणात उतरली आणि गाणं बंद झालं. कुणी तिला हात लावला नाही, शिवी दिली नाही. भोवती शेकडो ओळखीचे चेहरे, आणि हातात टिपऱ्या घेऊन ती उभी.

तेवढ्या गर्दीत चार बायका तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या असत्या, तर? पंच तिच्याकडून जे काढून घेतात, ते तिला दुसरीकडून मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पोलीस ठाण्यात बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण. खोली भाड्यानं देताना ‘माहेरचं कोण येणार?’ असं न विचारणारी घरमालकीण. तारीख पडेल तेव्हा दुकान बंद ठेवून साक्षीला येणारा शेजारी. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक तिच्या मोबाईलमध्ये टाकून द्यावा. पण फोन लावताना तिचा हात थरथरत असेल, तेव्हा जवळ माणूस हवं.

नाशिकच्या त्या खटल्यात बापाची फाशी एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदलली. आता सवलतीविना २० वर्षांची कैद. तिच्या पोटातलं बाळ जगलं असतं, तर त्या वेळी अकरा वर्षांचं असतं.