जिल्ह्याची सरासरी आणि गल्लीतला गोवर

गोवंडी, २०२२

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये गोवराने उचल खाल्ली. लहान मुले दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात कितीतरी वर्षांपासून मोफत मिळते, आणि ती मोठ्या प्रमाणावर पुण्यातच तयार होते. तरीही मुले गेली, कारण कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले आणि लस न मिळालेली मुले एकेका वस्तीत साठत गेली. साथ अशाच जागी पेट घेते.

९५ टक्के कशासाठी?

आजूबाजूच्या कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. साथ विझायची तर एका रुग्णाकडून सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण व्हायला हवी. म्हणजे त्या १८ जणांपैकी किमान १७ जण आधीच सुरक्षित हवेत. हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या थोडे वर जाते, म्हणून उद्दिष्ट ९५ चे. तेवढे लोक सुरक्षित असले की विषाणूला पुढचे घर सापडत नाही आणि लस न घेतलेलेही बचावतात. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात.

दुसरी मात्रा चुकते तेव्हा

आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लसीला निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या वयात १०० पैकी साधारण ८५ बाळांना तिचे संरक्षण मिळते. म्हणजे गावातल्या एकूणएक बाळाला पहिली मात्रा दिली, तरी ९५ गाठणे शक्य नाही. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा असते, आणि नेमकी तीच जास्त चुकते. बाळ चालू-बोलू लागले की लसीकरणाचे कार्ड कपाटात जाते.

लस टोचण्याच्या दिवशीची अडचणही समजून घ्यायला हवी. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. नर्सबाईंनी कुपीत द्रावक मिसळले की चार तासांत ती संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. सत्र बहुधा दुपारपर्यंत आटोपते. ज्या आईची रोजी त्याच वेळात असते, तिला खाडा केल्याशिवाय यायला जमत नाही. तिला निष्काळजी म्हणण्याआधी अशा वस्त्यांत संध्याकाळची सत्रे ठेवावीत, असे मला ठामपणे वाटते.

सरासरी फसवते

जिल्ह्याचा आकडा ९५ दिसला म्हणजे जिल्हा सुरक्षित झाला, असे नाही. सुटलेली मुले सगळीकडे विखुरलेली नसतात, ती एकत्र राहतात: ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, वीटभट्टीवर, बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत. गावच्या यादीतली मुले हंगामात गावी नसतात आणि जिथे गेली तिथल्या यादीत चढत नाहीत. गोवर मात्र त्यांना बरोबर शोधतो.

देवी गेली, गोवर का राहिला?

देवीच्या निर्मूलनात शेवटच्या टप्प्यावर सरसकट टोचणीपेक्षा रुग्ण हुडकून त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना लस देण्यावर भर होता. भारतातला प्रसार १९७५ मध्ये थांबला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. देवीचा रुग्ण मुख्यतः पुरळ उठल्यावर रोग पसरवत असे, त्यामुळे तो ओळखून साखळी तोडता येई. गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच संसर्ग देतो. आईला साधा सर्दी-ताप वाटत असतो, तेव्हाच शेजारची मुले बाधित झालेली असतात. इथे रुग्णाच्या मागे धावून भागत नाही, लस आधीच पोहोचलेली असावी लागते.

हे गणित सगळ्याच रोगांना लागू नाही. धनुर्वाताचे जंतू मातीतून येतात, तिथे शेजाऱ्याच्या लसीचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. कोविडचा विषाणू रूप बदलत राहिला आणि संरक्षणही ओसरत गेले, त्यामुळे तिथे अशी कायमची भिंत उभी राहिली नाही.

ज्यांना लस देताच येत नाही

नऊ महिन्यांच्या आतली बाळे, केमोथेरपी चालू असलेली मुले, गर्भवती स्त्रिया यांना ही जिवंत विषाणूची लस सहसा देत नाहीत. त्यांचे संरक्षण पूर्णपणे इतरांच्या हातात आहे. गोवर झाला तर न्यूमोनिया, अतिसार, मेंदूला सूज, क्वचित अंधत्वही येते. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही बरीचशी पुसली जाते. ‘गोवर काय, सगळ्यांनाच होतो’ असे म्हणून सोडून देण्यासारखा हा आजार नाही.

आज बाळाचे कार्ड काढून पाहा. दुसरी मात्रा राहिली असेल, तर सरकारी कार्यक्रमात ती पाच वर्षांपर्यंत मोफत मिळते. कार्ड हरवले असले तरी आशाताईंना भेटा आणि बाळाला घेऊन केंद्रावर जा. मात्रा चुकून जास्तीची पडली, तर त्याने अपाय होत नाही.