ठेचा, सेन्सर आणि शाहीर

दुबई मरीनात मावसभावाकडे उतरलो होतो. बाविसाव्या मजल्यावर वहिनीने तव्यावर मिरच्या टाकल्या, खकाणा उठला आणि हॉलच्या छतावरची पांढरी डबी बोंबलायला लागली. "सेन्सर वाजला!" म्हणत पुतण्या खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालू लागला.

त्या डबीत एक बारीक दिवा असतो आणि दिव्याचा उजेड थेट पडणार नाही असा आडोशाला बसवलेला एक 'डोळा'. हवा स्वच्छ असली की डोळ्यापुढे अंधार. धुराचे कण आत शिरले की त्यांच्यावर आपटून उजेड विखुरतो, थोडा डोळ्यात जातो आणि भोंगा सुरू. आग कुठली, ठेचा कुठला, तिला काय! पार्किंगमधला आपोआप लागणारा दिवा निराळा. तो अंग आणि भोवताल यांच्या उष्णतेतला फरक टिपतो. ऑगस्टात दुबईची हवा चाळिशी ओलांडते, फरक जवळजवळ उरत नाही आणि त्याला चालता माणूसही धड कळेनासा होतो.

असल्या मठ्ठ वस्तूला नाव मात्र काळजातलं. लॅटिनमध्ये 'सेंतीरे' म्हणजे वाटणं, जाणवणं. सेन्स, सेंटिमेंट त्यातलेच. आणि आखातातून येणारा पाहुणा हमखास आणतो तो सेंटही त्यातलाच. 'सेन्सरी' या विशेषणाची शेपटी छाटून 'सेन्सर' झाला आणि गेल्या शतकात यंत्रांना चिकटला. सिनेमाला कात्री लावणारा सेन्सॉर मात्र या घराण्यातला नव्हे. तो मूळचा रोमन अधिकारी, माणसांची मोजदाद ठेवणारा. त्याचं नातं सेन्ससशी, म्हणजे जनगणनेशी.

संध्याकाळी मरीना वॉकवर पाण्याकाठी फिरताना पुतण्याला विचारलं, तो शाळेत अरबी शिकतो म्हणून: सेन्सरला अरबीत काय? "हस्सास," तो म्हणाला. मी थबकलो. हा तर हिंदी गाण्यांतल्या 'एहसास'चा सख्खा भाऊ!

रात्री शब्दकोश उघडला, आणि झोप उडाली. दुसरा अरबी शब्द 'मुस्तशइर'. त्याचा धातू जाणण्याचा, उमगण्याचा. त्याच धातूचा 'शाइर', म्हणजे ज्याला इतरांपेक्षा जास्त जाणवतं तो. तोच शब्द मराठीत येऊन डफ-तुणतुण्याच्या साथीला उभा राहिला आणि शाहीर झाला. म्हणजे होनाजी, अनंत फंदी आणि छतावरची ती डबी, सगळे एका गोत्राचे! तिसरा शब्द 'मिजस', चाचपून पाहणारा. त्याच्या कुळात जासूस, आणि पेशवाईत पत्रं घेऊन धावणारा आपला जासूद.

मग मराठी 'संवेदक'ही नीट पाहिला. आजवर तो मला परिभाषा कोशातला कोरडा शब्द वाटायचा. पण त्यातला धातू 'विद्', जाणणे. वेद त्यातून, आणि वेदनाही त्यातूनच. ज्ञान आणि दुःख एकाच मुळाला लागलेले! शब्द अप्रतिम आहे, फक्त वापरात नाही. डबी वाजली की सगळे 'सेन्सर'च म्हणतात, मीही.

मरीनातल्या कुणा नातेवाइकाकडे उतरणार असाल तर एकच सांगतो: मिरच्या तव्यावर टाकण्याआधी हॉलकडचं दार लावून घ्या.