दप्तरातील पिस्तूल आणि वर्गातील अभय

1 ऑगस्ट 2016 रोजी अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरील घड्याळ 11 वाजून 48 मिनिटांनी थांबविण्यात आले. पुढील चोवीस तास त्याचे काटे हलले नाहीत. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, 1966 मध्ये, याच दिवशी याच वेळी, सैन्यात राहून आलेल्या एका विद्यार्थ्याने त्या मनोऱ्यावरून खाली वावरणाऱ्या माणसांवर गोळीबार सुरू केला होता. त्या दिवशीच्या मृतांची नावे कोरलेली ग्रॅनाइटची शिळा मनोऱ्याजवळ अर्पण करण्यात आली. आणि त्याच दिवशी राज्यात एक नवा कायदा अमलात आला. परवानाधारक व्यक्तीला सरकारी विद्यापीठाच्या आवारात, वर्गखोल्यांतसुद्धा, अंगावर लपविलेले पिस्तूल बाळगण्याची मुभा या कायद्याने दिली.

एकाच आवारात, एकाच दिवशी घडलेल्या या दोन गोष्टींत अमेरिकेतील एका दीर्घ वादाचे सार आले आहे. शस्त्राने घेतलेल्या बळींचे स्मरण करणाऱ्या समाजाला रक्षणाचा मार्ग पुन्हा शस्त्रातच दिसावा का? आपल्या समाजातील अनेक घरांची मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी त्या देशात जातात. त्यामुळे हा वाद आपल्यालाही दूरचा राहिलेला नाही.

कायदा काय म्हणतो?

टेक्सासचा हा कायदा 2015 मध्ये संमत झाला. अमलात आल्यानंतर एक वर्षाने, 2017 मध्ये, तो दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या सरकारी महाविद्यालयांनाही लागू झाला. परवान्यासाठी तेव्हा सामान्यतः वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागत. बोटांचे ठसे, पूर्वचारित्र्याची तपासणी, प्रशिक्षण आणि नेमबाजीची परीक्षा या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पिस्तूल कोणाच्या नजरेस पडता कामा नये, ही त्यातील मुख्य अट. विद्यापीठाला सरसकट बंदी घालता येत नाही, मात्र काही जागांपुरते निर्बंध ठेवता येतात. खाजगी विद्यापीठांना विद्यार्थी व अध्यापक यांच्याशी विचारविनिमय करून बंदी कायम ठेवण्याची मोकळीक देण्यात आली आणि बहुतेक सर्व खाजगी विद्यापीठांनी ती स्वीकारली.

टेक्सास या वाटेवर एकटे नाही. युटा राज्याने 2004 मध्येच असा कायदा केला होता. कोलोरॅडोत 2012 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाची बंदी रद्द ठरविली. कॅन्सस आणि जॉर्जिया या राज्यांत 2017 पासून, तर वेस्ट व्हर्जिनियात 2024 पासून अशी मुभा मिळाली. उलट कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत विद्यापीठाच्या आवारात परवानाधारकालाही बंदी आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. शाळांसारख्या संवेदनशील ठिकाणी त्यावर निर्बंध असू शकतात, हेही त्याच निर्णयात नमूद केले. पुढे 2022 च्या निर्णयाने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची व्याप्ती वाढविली. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतो, अशी आजची स्थिती आहे.

समर्थकांची बाजू

या चळवळीला खरा वेग आला तो 16 एप्रिल 2007 नंतर. त्या दिवशी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 32 जणांचे प्राण घेतले. मृतांत मुंबईहून पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली एक तरुणी होती, भारतात जन्मलेले एक प्राध्यापक होते. परवानाधारक विद्यार्थ्यांना आवारात पिस्तूल आणू द्यावे, असा प्रस्ताव व्हर्जिनियाच्या विधिमंडळात सुमारे सव्वा वर्ष आधीच बारगळला होता. तो संमत झाला असता तर कोणीतरी प्रतिकार करू शकले असते, असे अनेकांना तीव्रतेने वाटले. त्याच वर्षी शस्त्रसमर्थक विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. कमरेला रिकामे म्यान बांधून वर्गात बसायचे, असा त्यांच्या निषेधाचा प्रकार होता.

त्यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. बंदीची पाटी सज्जनाला नि:शस्त्र करते, दुर्जनाला ती अडवीत नाही, असे ते म्हणतात. जून 2016 मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, बंदी असतानाही, भारतात शिकलेल्या एका माजी संशोधक विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकाचा जीव घेतला आणि स्वतःचाही अंत केला. नेवाडा राज्यात तर एका तरुणीने विधिमंडळासमोर स्वतःची व्यथा मांडली. तिच्याजवळ रीतसर परवाना होता. विद्यापीठाच्या नियमामुळे पिस्तूल घरी ठेवावे लागले आणि आवारातील वाहनतळावर तिच्यावर अत्याचार झाला. तिच्या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. शिवाय, परवानाधारक मंडळी क्षुल्लक भांडणात एकमेकांवर गोळ्या झाडतील, ही विरोधकांनी वर्तविलेली भीती ज्या राज्यांत मुभा मिळाली तेथे मोठ्या प्रमाणावर खरी ठरलेली नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

विरोधकांची बाजू

या कायद्याला विरोध करणाऱ्यांत टेक्सास विद्यापीठ समूहाचे तत्कालीन कुलगुरू विल्यम मॅकरेव्हन होते. ते नौदलातील निवृत्त अॅडमिरल. ओसामा बिन लादेनविरुद्धच्या मोहिमेची सूत्रे ज्यांच्या हाती होती, तेच हे अधिकारी. शस्त्राशी ज्याचे आयुष्य जोडलेले, त्यानेच वर्गात शस्त्र नको म्हणावे, याला वजन होते. भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आपल्या वर्गात पिस्तूल येऊ देणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. वास्तुशास्त्र विभागाचे अधिष्ठाता विद्यापीठ सोडून गेले आणि या निर्णयामागील कारणांत त्यांनी या कायद्याचा उल्लेख केला. तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. लपविलेल्या शस्त्राच्या भीतीने वर्गातील मुक्त चर्चा खुंटेल, असे त्यांचे म्हणणे होते. 2018 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळून लावला.

न्यायालयात तो दावा टिकला नाही. तरी त्यातील प्रश्न संपलेला नाही. वर्ग ही मतभेदांसाठी राखलेली जागा असते. तेथे विद्यार्थ्याला चुकीचे उत्तर देण्याची मोकळीक असावी लागते आणि शिक्षकाला ते चूक आहे असे सांगण्याची. धर्म, वंश, राजकारण अशा नाजूक विषयांवर तेथे आवाज चढतात. एखाद्याला अनुत्तीर्ण करावे लागते, एखाद्याचा प्रबंध नाकारावा लागतो. समोर बसलेल्या तीस जणांपैकी एखाद्याच्या दप्तरात पिस्तूल असू शकते, मात्र ते कोणाच्या, हे कळण्याचा मार्ग नाही, असे असेल तर शंकेची छाया सर्वांवर पडते. पिस्तूल बाळगणाऱ्याच्या मनातील भीती कदाचित कमी होत असेल. ती भीती नाहीशी मात्र होत नाही. ती इतरांमध्ये वाटली जाते, आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. उघड शस्त्र निदान दिसते तरी. लपविलेल्या शस्त्राचा भार ज्यांच्याजवळ शस्त्र नाही, त्यांनाच वाहावा लागतो.

हिशेबाच्या दोन बाजू

व्यापारी घरातील माणूस कोणत्याही व्यवहाराची जमा आणि खर्च या दोन्ही बाजू पाहतो. येथेही तसेच पाहावे. जमेच्या बाजूला आहे तो प्रतिकाराचा संभव. ऑक्टोबर 2015 मध्ये ओरेगॉन राज्यातील एका महाविद्यालयात गोळीबार झाला, तेव्हा आवारातील दुसऱ्या इमारतीत हवाई दलातून निवृत्त झालेला एक परवानाधारक विद्यार्थी होता. त्याच्याजवळ पिस्तूल होते, प्रशिक्षणही होते. तो घटनास्थळी गेला नाही. पोलिस आपल्यालाच हल्लेखोर समजतील, हा धोका त्याने ओळखला, आणि त्याचा तो विवेक योग्यच होता. गोंधळाच्या क्षणी हातात पिस्तूल घेतलेल्या दोन माणसांपैकी रक्षक कोण, हे येणाऱ्या पोलिसाला कसे कळावे?

खर्चाची बाजू रोजच्या जगण्यातली आहे. आयडाहो राज्यात कायदा लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. 2014 च्या सप्टेंबरात एका अध्यापकाच्या खिशातील पिस्तूल भर वर्गात उडाले आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. टेक्सासमधील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात 2016 मध्ये अशीच अनवधानाने गोळी सुटली. सुदैवाने तेथे कोणी जखमी झाले नाही. याहून गंभीर बाब आत्मघाताची आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. इतर मार्गांनी केलेल्या प्रयत्नांतून बहुतेक जण वाचतात आणि सावरतात. बंदुकीच्या प्रयत्नात मात्र दहापैकी सुमारे नऊ जण दगावतात. घरापासून दूर, परीक्षेच्या आणि कर्जाच्या ताणाखाली असलेल्या तरुणाच्या निराशेच्या एका रात्री शस्त्र हाताशी असणे आणि नसणे, यात आयुष्याचे अंतर असते.

व्हर्जिनिया टेकच्या घटनेतही एक धडा मागे पडला. त्या विद्यार्थ्याच्या मानसिक आजाराची दखल 2005 मध्ये न्यायालयाने घेतली होती आणि त्याला उपचारांचा आदेश दिला होता. ती नोंद तपासणीच्या यादीपर्यंत पोहोचली नाही. त्यामुळे त्याला दुकानातून रीतसर पिस्तुले विकत घेता आली. ही फट बुजविण्यासाठी जानेवारी 2008 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. वर्गाच्या दारापर्यंत येण्याच्या कितीतरी आधी, दुकानाच्या काउंटरवर तो अनर्थ अडविता आला असता.

श्रावकाच्या दृष्टीने

आपल्या परंपरेने गृहस्थाकडून अशक्य ते मागितलेले नाही. संकल्पी हिंसा त्याने सर्वथा टाळावी, पण स्वतःच्या व आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, हे तिने ओळखले. त्यामुळे नेवाडातील त्या तरुणीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच वेळी आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच भेद सांगितले, त्यांत हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हे हिंसादान आहे आणि निष्काळजी वर्तन ही प्रमादचर्या आहे. रक्षणाची गरज आणि शस्त्राचा सुळसुळाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीला मोकळे रान द्यावे काय, याचा निर्णय भीतीच्या भरात होऊ नये. रात्री उजेड असलेले रस्ते, सोबत देणारे सुरक्षारक्षक, तत्काळ पोहोचणारे पोलिस आणि खचलेल्या विद्यार्थ्याला वेळीच मिळणारा समुपदेशक, हेही रक्षणच आहे. त्या तरुणीला ते मिळणे हा तिचा हक्क होता.

पालकांनी काय पाहावे?

प्रवेशाचा विचार करताना आपली कुटुंबे शुल्क विचारतात, राहण्याची सोय विचारतात, शाकाहारी जेवण मिळेल का हे आवर्जून विचारतात. त्यात आणखी काही प्रश्नांची भर घालावी. त्या राज्याचा शस्त्रविषयक कायदा कोणता? विद्यापीठ सरकारी की खाजगी? वसतिगृहात आणि प्रयोगशाळेत कोणते निर्बंध आहेत? समुपदेशन केंद्रात विद्यार्थ्याला किती दिवसांत भेट मिळते? संकटाच्या सूचना मोबाइलवर कशा येतात?

मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी व्यक्तीला, काही मोजके अपवाद वगळता, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. मित्राचे पिस्तूल कौतुकाने हाताळणे किंवा ते आपल्या खोलीत ठेवून घेणे यानेही शिक्षण आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येऊ शकतात. खोलीतील सोबत्याजवळ शस्त्र असेल तर संकोच न करता व्यवस्थापनाकडे खोली बदलून मागावी. आणि घरून फोन करताना गुणांची चौकशी करण्याआधी मनाची चौकशी करावी. एकाकी पडलेल्या मुलाला परतीचा रस्ता उघडा आहे, हे आई-वडिलांच्या आवाजातून कळले पाहिजे.

व्हर्जिनिया टेकमधील त्या सकाळी 76 वर्षांचे प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू आपल्या वर्गात शिकवीत होते. बालपणी त्यांनी युरोपातील ज्यूंचा संहार पाहिला होता आणि त्यातून ते वाचले होते. बाहेर गोळ्यांचे आवाज आले, तेव्हा त्यांनी आपले शरीर दाराला लावून दार रोखून धरले आणि विद्यार्थ्यांना खिडक्यांतून उड्या टाकायला सांगितले. बहुतेक विद्यार्थी वाचले. प्राध्यापक वाचले नाहीत. त्यांच्या हातात शस्त्र असते तर काय झाले असते, यावर अमेरिकेत अजूनही दोन्ही बाजूंनी वाद घातला जातो. त्या वर्गातून बाहेर पडलेली मुले मात्र आज आपापल्या घरी आहेत.