दुधाच्या दातांतलं शिसं

१९७०च्या दशकात बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांकडून हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी त्यांचे पडलेले दुधाचे दात मागून घेतले. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पोटात काय गेलं ते रक्त सांगत नाही. दातात ते साठून राहतं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं, ती मुलं बुद्धिमापन चाचणीत मागे पडली. शिक्षकांना दातांतले आकडे ठाऊक नव्हते, तरी वर्गात लक्ष नसणारी, सांगितलेलं न ऐकणारी म्हणून त्यांनी जास्त करून हीच मुलं दाखवली. आजारी मात्र यातलं एकही मूल दिसत नव्हतं. १९७९ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे नीडलमन यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याचे आरोप झाले, चौकशा झाल्या. त्यातून ते निर्दोष सुटले.

शिसं मेंदूपर्यंत पोचतं कसं? लग्नाच्या पंगतीत आगंतुक येऊन बसावा, वराकडच्यांना तो वधूकडचा वाटावा आणि वधूकडच्यांना वराकडचा, तसं. शिशाचा विद्युतभार कॅल्शियमइतकाच असल्याने आतडं त्याला आत घेतं आणि हाडं त्याला ठेवून घेतात. मेंदूत पेशींचे निरोप कॅल्शियमच्या हालचालीवर चालतात, तिथेही ते लुडबूड करतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा अंगी लागतो, लहान मुलांत जवळजवळ निम्मा. मेंदूची जोडणी चालू असते ती नेमकी याच वयात.

चयापचयाची गोष्ट याहून वाईट. रक्ताला लाल करणारं हीम तयार व्हायला जे एन्झाइम लागतं, त्यातल्या जस्ताला हुसकावून शिसं तिथे बसतं आणि काम बंद पाडतं. परिणाम रक्तक्षय. उलट, शरीरात लोह कमी असेल तर आतडं शिसं अधिक ओढून घेतं. म्हणजे शिसं आणि रक्तक्षय एकमेकांना वाढवतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. महाराष्ट्रात हे प्रमाण ६९च्या घरात होतं. शिशाचा विषय आपल्याकडे दुय्यम का मानला जातो, हे मला खरंच कळत नाही.

आत गेलेलं शिसं हाडांत वीस-तीस वर्षं मुक्काम करतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर तेही सुटतं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल थांबलं २००० साली. त्याआधी रिक्षा-टॅक्सींच्या धुरात वाढलेल्या मुंबई-पुण्यातल्या मुली नंतर आया झाल्या. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांवर रोखणारा नियम तर २०१७पासूनचा.

आणि मग हळद. हळकुंडं उकडून, वाळवून, फिरत्या पिंपात घासून पॉलिश करतात. माल फिका निघाला की त्यावर पिवळी पूड मारण्याची वाट सापडते. ही पूड लेड क्रोमेट असू शकते, म्हणजे रंगाच्या दुकानातला पिवळा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीतल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे. दक्षिण आशियातल्या शहरांच्या पाहणीत बहुतेक नमुने ठीक निघाले, पण पाटण्याच्या एका नमुन्यात हा आकडा दोन हजारांवर होता. सांगलीच्या पेठेत रंगावरून भाव ठरतो, तसा तो सगळीकडेच ठरतो. गिऱ्हाईक उजळ हळद मागतं आणि व्यापारी ती पुरवतो.

बांगलादेशात हे चक्र थांबलं. १९८०च्या दशकात पुराने हळद काळवंडली, तेव्हा रंग लावायची सवय पडली असं तिथले व्यापारी सांगत. स्टॅनफर्डच्या जेना फोर्साइथ आणि ढाक्याच्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाची समस्थानिकं तपासून ती हळदीतल्या रंगाशी जुळवून दाखवली. मग अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी बाजारात फलक लावले, घाऊक बाजारावर छापा घातला, दोघा व्यापाऱ्यांना दंड झाला आणि ते सगळं टीव्हीवर दिसलं. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१मध्ये एकाही नमुन्यात नव्हतं. हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरलं.