नातीच्या जन्माचे पेढे

दुधापेक्षां दुधावरची साय अधिक प्रिय, असें आमच्या वृद्ध स्त्रिया नातवंडांविषयीं म्हणतात. त्या आनंदाइतकें निर्व्याज सुख संसारांत विरळाच. परंतु नातू झाला तर पेढे आणि नात झाली तर बर्फी, हा भेद कशासाठीं? सायींत असा भेद कोणीं पाहिला आहे काय?

गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं सर्व राज्यांच्या आधीं केला. मध्यवर्ती कायदा १९९४ सालीं झाला. तरीहि २०११ च्या शिरगणतींत राज्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ९०० मुलीदेखील भरल्या नाहींत. त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांत ‘नकुशी’ हें नांव वाहणाऱ्या २०० हून अधिक मुलींस नवीं नांवें द्यावीं लागलीं. तें पहिलें नांव सरकारनें नव्हे, घरानेंच ठेविलें होतें.

कायद्याची सत्ता दवाखान्याच्या दारापर्यंत. माजघरांत आजीचाच शब्द चालतो. ‘असो, लक्ष्मी आली’ हे तिचे उद्गार सांत्वनाचे झाले, आनंदाचे नव्हेत. आणि बाळंतिणीस तो फरक तत्काळ कळतो. म्हणून आजीबाईंस आमची एवढीच विनंती कीं, नातीच्या जन्मालाहि पेढेच वांटावे, आणि ते स्वतःच्या हातांनीं वांटावे.